कुंग फू आणि सांघिक खेळांचे विनोदी सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘शाओलिन सॉकर’ या सिनेमाची शिफारस मी इतक्या जणांना केली आहे की त्यानंतर येणारे प्रश्नही आता पाठ झालेत. तेच इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न ५, ११ आणि १६ मध्ये शेवट उघड होतो.

१. हा प्रकार नेमका काय? कुंग फूवाले फुटबॉल खेळतात, एवढंच?

वरवर पाहता एवढंच. पण नेहमीच्या कुंग फूपटात नायक एकटा असतो. गुरूचा खून होतो, शिष्य डोंगरात जाऊन तालीम करतो आणि परत येऊन सूड घेतो. सांघिक खेळ आला की ही चौकट मोडते. चेंडू दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि बारा जणांना एका लाथेत लोळवणाऱ्या माणसाला पास द्यायला शिकावं लागतं. विनोदही तिथूनच निघतो: विद्या अफाट आहे, पण मैदानावर तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. नुसत्या हाणामाऱ्या असलेला किंवा नुसता खेळाचा सिनेमा मी या प्रकारात धरत नाही.

२. एकच सिनेमा बघायचा असेल तर कुठला?

‘शाओलिन सॉकर’. हाँगकाँग, २००१. दिग्दर्शक आणि नायक स्टीफन चाऊ. हाँगकाँगमध्ये त्याने सहा कोटी हाँगकाँग डॉलरच्या आसपास कमाई केली. स्थानिक सिनेमासाठी तो त्या वेळचा विक्रम होता, आणि तो पुढे चाऊच्याच ‘कुंग फू हसल’ने (२००४) मोडला. २००२ च्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि सहायक अभिनेता असे मोठे मान त्याला मिळाले. विनोदी सिनेमाला असे पुरस्कार सहसा मिळत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

३. शेवट न सांगता गोष्ट सांगाल?

फंग हा एके काळचा नावाजलेला फुटबॉलपटू, ‘सोनेरी पाय’. लाच घेऊन त्याने एक पेनल्टी मुद्दाम चुकवली आणि चिडलेल्या जमावाने त्याचा पाय मोडला. आता तो लंगडत फिरतो. लाच देणारा हंग मात्र आज बलाढ्य संघाचा मालक आहे. त्या संघाचं नावच आहे ‘दुष्ट संघ’.

फंगला रस्त्यावर सिंग भेटतो. (हे आपल्याकडचं आडनाव नव्हे. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत सिंग म्हणजे तारा, आणि चाऊच्या स्वतःच्या नावातही हेच अक्षर आहे.) सिंग भंगार गोळा करतो, त्याचे बूट फाटलेले आहेत, पण पायात पोलादाची ताकद आहे. शाओलिन या चिनी बौद्ध मंदिराच्या परंपरेतलं (प्रश्न ६) कुंग फू घरोघरी पोचवायचं एवढं एकच स्वप्न तो उराशी धरून आहे. फंगला वाटतं, हा पाय चेंडूला लागला तर? मग सिंग आपल्या पाच गुरुबंधूंना शोधायला निघतो.

हे गुरुबंधू भेटतात तो भाग मला सगळ्यात जास्त हलवून जातो. थोरला लोखंडी डोकेवाला एका क्लबात राबतो आणि मालक त्याच्या डोक्यावर बाटल्या फोडतो. तिसरा मोबाइलवर सौदे करत फिरतो, त्याला बोलायला वेळ नाही. धाकटा सुपरमार्केटात माल लावतो आणि खाऊन खाऊन सुटला आहे. गुरूने दिलेली विद्या प्रत्येकाच्या अंगात शाबूत आहे, पण बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. सगळे हसतात त्या प्रसंगांत मला ही बेकारीच दिसत राहते.

४. सहा भावांच्या कला खऱ्या आहेत की सिनेमासाठी रचलेल्या?

नावं परंपरेतली आहेत, करामती सिनेमाच्या. शाओलिनच्या ‘७२ कला’ अशी एक पारंपरिक यादी सांगितली जाते. डोकं कणखर करण्याची ‘लोखंडी डोकं’ आणि अंगावर घाव सोसण्याची ‘लोखंडी सदरा’ ही तालमीची जुनी नावं आहेत. अंग हलकं करून उड्या घेण्याच्या विद्येच्या कथाही चिनी वीरकथांमध्ये मुबलक आहेत.

सिनेमाने केलेली गंमत अशी की प्रत्येक विद्येला मैदानावरची जागा दिली. लोखंडी डोकेवाला हेडर मारतो. लोखंडी सदरेवाला छातीवर चेंडू झेलतो. पायाचा आकडा टाकणारा ड्रिबलिंग करतो. विजेच्या चपळाईचे हात असलेला चौथा भाऊ गोलकीपर होतो. अंग हलकं करण्याची विद्या सगळ्यात लठ्ठ भावाकडे आहे. या वाटणीत एकही जागा उगाच भरलेली नाही.

चौथ्या भावाचा पिवळा पोशाख पाहून अनेकांना ब्रूस ली आठवतो, आणि ते बरोबरच आहे. तो पोशाख ‘गेम ऑफ डेथ’मधल्या ब्रूस लीचा. भूमिका करणारा डॅनी चान दिसायलाही तसाच, आणि पुढे २००८ मध्ये ब्रूस लीच्या जीवनावरच्या चिनी मालिकेत ती मुख्य भूमिका त्यालाच मिळाली.

५. मुई शाओलिनची नाही, मग ती शेवटी गोलमध्ये उभी राहून काय करते?

(इथे शेवट उघड होतो.) मुई रस्त्यावरच्या दुकानात मांतोऊ बनवते. मांतोऊ म्हणजे वाफेवर शिजवलेले, आत सारण नसलेले पांढरे पाव. कणीक मळताना तिचे हात फिरतात ते ताई चीच्या पद्धतीने. हे पहिल्याच भेटीत दाखवलं आहे, पण आपण तिच्या चेहऱ्यावरच्या व्रणांकडे आणि तिच्या लाजण्याकडे बघत राहतो आणि हात विसरतो.

ताई ची ही शाओलिनहून वेगळी परंपरा. दंतकथा तिचं मूळ वुदांग पर्वतावर सांगते, तर इतिहासाचा माग हनान प्रांतातल्या चेनच्या गावापर्यंत, चेनजियागोऊपर्यंत जातो. तिचं मुख्य तत्त्व म्हणजे समोरून आलेल्या जोराला विरोध करायचा नाही, त्याला वळवायचं. चार तोळ्यांच्या जोराने हजार शेरांचं ओझं वळवावं, अशा अर्थाची चिनी म्हण आहे. दुष्ट संघाचा चेंडू आतापर्यंत ताकदीने अडवायला गेलेला प्रत्येक जण आडवा झालेला असतो. मुई तो अडवतच नाही. कणकेच्या गोळ्यासारखा हातावर घेते, फिरवते, त्याचा सगळा जोर साठवते आणि सिंगच्या पायाकडे सोडते. सहा शाओलिनवाल्यांना जे जमलं नाही ते पाव मळणाऱ्या बाईला जमतं. याची तयारी सिनेमाने किती आधीपासून करून ठेवली होती, हे दुसऱ्यांदा बघताना कळतं. दुसऱ्यांदा जरूर बघा.

६. शाओलिन मंदिर खरंच आहे का? त्याचा भारताशी संबंध सांगतात तो कितपत खरा?

मंदिर आहे. हनान प्रांतातल्या डेंगफेंगजवळ, सोंगशान पर्वतात. स्थापना इ.स. ४९५ ची मानतात, आणि २०१० पासून ते जागतिक वारसा स्थळांत आहे. झेन या बौद्ध परंपरेचा आद्य आचार्य बोधिधर्म दक्षिण भारतातून तिथे गेला अशी परंपरा आहे. पण भिक्षूंना कुंग फूही त्यानेच शिकवलं, ही कथा बऱ्याच उशिराची असून इतिहासकार ती मानत नाहीत. आपण उत्साहाने ‘कुंग फू आपलंच’ म्हणतो तेव्हा थोडं थांबावं.

७. फुटबॉल तर इंग्रजांचा. चिनी कथेत तो उपरा वाटत नाही?

चीनमध्ये पायाने चेंडू खेळण्याचा ‘त्सुजू’ नावाचा खेळ दोन हजार वर्षांपूर्वी होता. शानदोंग प्रांतातलं लिंझी हे त्याचं उगमस्थान मानतात, आणि फुटबॉलचं सर्वात जुनं रूप म्हणून २००४ मध्ये फिफानेही त्याला मान्यता दिली. आजचे नियम इंग्लंडचे, हे खरंच. तरी पायाने चेंडू उडवायची हौस चिनी माणसाला बाहेरून आणावी लागली नाही. शिवाय चीनचा पुरुष संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदा खेळला तो २००२ मध्ये, म्हणजे सिनेमाच्या पुढच्याच वर्षी.

८. सगळे हसत होते, मला हसू आलं नाही. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. हा विनोद ‘मो लेई ताऊ’ धाटणीचा आहे. या कँटोनीज शब्दाला आपल्याकडे नेमकी जोड आहे: ना शेंडा ना बुडखा. गंभीर प्रसंग चालू असताना मध्येच अख्खा रस्ता नाचू लागतो आणि पुढच्या क्षणी सगळे आपापल्या वाटेने निघून जातात. कारण विचारायचं नाही. १९९० च्या दशकात चाऊ आणि न्ग मान-तात (म्हणजे इथला फंग) या जोडीने हाच विनोद हाँगकाँगच्या घराघरांत नेला. तिथला प्रेक्षक या दोघांना पडद्यावर एकत्र बघताच हसायला तयार असतो. आपल्याकडे अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे एका चौकटीत आले की व्हायचं तसं. ही ओळख नसेल तर पहिली वीस मिनिटं कोरडी जातात.

दुसरं कारण भाषेचं. अर्धी गंमत कँटोनीज बोलण्याच्या लयीत आहे. शक्यतो मूळ आवाज आणि उपशीर्षकं घ्या.

९. माझ्याकडची प्रत दीड तासाचीही नाही. काही कापलंय का?

हो. अमेरिकेतल्या वितरकाने सिनेमा बराच काळ अडवून ठेवला आणि २००४ मध्ये, तोही छाटून, प्रदर्शित केला. ती आवृत्ती साधारण ८७ मिनिटांची आहे. मी पहिल्यांदा तीच पाहिली आणि मुई मला जेमतेम लक्षात राहिली. पुढे पूर्ण सिनेमा पाहिला तेव्हा तिची दुःखं, तिने शिवून दिलेले सिंगचे बूट, अश्रूंनी खारट झालेले पाव, हे सगळं जागेवर बसलं. पूर्ण आवृत्ती पावणेदोन तासांच्या वरची असते. तेवढी नसेल तर दुसरी शोधा, कारण प्रश्न ५ मधली सगळी मजा मुईच्या भागावर उभी आहे.

१०. याआधी असे सिनेमे नव्हतेच का?

होते, आणि ते दुर्लक्षित राहिल्याचं मला वाईट वाटतं.

जॅकी चॅनच्या ‘ड्रॅगन लॉर्ड’मध्ये (१९८२) दोन लांबलचक खेळ आहेत. एकात दोन संघ पिसांचं फूल पायाने उडवत गोल करतात. हे फूल म्हणजे चीनमध्ये पोरं रस्त्यावर खेळतात ते ज्यान्झी. दुसऱ्यात पावांच्या उंच मनोऱ्यावर चढून टोकावरची वस्तू पटकावायची आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून आपल्या संघाच्या पिशवीत पोचवायची असते. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही: एकमेकांच्या खांद्यावरून चढणं, पाय ओढणं, धडाधड कोसळणं. हाँगकाँगच्या च्युंग चाऊ बेटावर पावांच्या मनोऱ्यांचा असा उत्सव खरोखर भरतो. १९७८ मध्ये मनोरा कोसळून माणसं जखमी झाली आणि चढण्याची शर्यत बंद पडली, ती नव्या सुरक्षा नियमांसह २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे जॅकी चॅनने हा प्रसंग चित्रित केला तेव्हा प्रत्यक्षातली शर्यत बंद होती.

‘द चॅम्पियन्स’ (१९८३) हा तर थेट फुटबॉलचा सिनेमा. नायक युएन बियाओ. जॅकी चॅन, सामो हंग आणि तो एकाच गुरूकडे पेकिंग ऑपेराची कसरत शिकले. खेड्यातून आलेला पोरगा आणि गर्विष्ठ स्टार खेळाडू यांच्यातलं हे वैर आहे. गोष्ट साधीच, पण चेंडूवरच्या कोलांट्या माणसाने मारलेल्या आहेत. ‘शाओलिन सॉकर’नंतर लगेच हा बघा आणि दोन्हींतला फरक स्वतः पाहा.

११. बास्केटबॉलचा किंवा दुसऱ्या खेळाचा आहे का?

बास्केटबॉलचा आहे: ‘कुंग फू डंक’ (२००८), दिग्दर्शक चू येन-पिंग. नायक तैवानचा गायक जे चाऊ, कसरतींची आखणी ‘शाओलिन सॉकर’च्याच चिंग सिउ-तुंगची. कुंग फू शाळेत वाढलेला अनाथ मुलगा लांबून डबा नेमका कचरापेटीत टाकतो. एक धंदेवाईक माणूस ते बघतो आणि त्याला विद्यापीठाच्या संघात घुसवतो. सुरुवात गोड आहे, उड्या देखण्या आहेत. शेवट मला पटला नाही. (तो उघड करते.) अंतिम सामना हातातून गेल्यावर नायक कुंग फूने काळच मागे फिरवतो. ते मला का खटकतं, हे प्रश्न १६ मध्ये.

त्याच वर्षी जपानमध्ये ‘शाओलिन गर्ल’ आला, लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाचा. निर्मितीच्या बाजूला स्टीफन चाऊचं नाव आहे आणि ‘शाओलिन सॉकर’मधले दोन भाऊ त्यात पुन्हा भेटतात. नायिका कोउ शिबासाकी चीनमधून शाओलिन शिकून परतते आणि मुलींच्या लॅक्रॉस संघात शिरते. उत्तरार्धात मात्र लॅक्रॉस बाजूला पडून नेहमीची मारामारी सुरू होते. जाळीच्या काठीने पास झेलायला शिकणारी नायिका बघायला मी बसले होते, ती मध्येच निघून गेली.

१२. सगळं कॉम्प्युटरवर केलंय, मग याला कुंग फू कसं म्हणायचं?

चेंडू बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरचा, उड्या तारांवरच्या. पण लाथ मारण्याआधीची उभी राहण्याची ढब, कमरेचा पीळ, हाताचा वळसा बघा. ते परंपरेतलं आहे, आणि चिंग सिउ-तुंगने तारांची कला अनेक वर्षं घासलेली होती. अतिशयोक्ती चेंडूत आहे, अंगाच्या वळणात नाही. आग ओकणारा चेंडू, लांबत जाणारं मैदान हे जपानी खेळ-मांगांच्या, म्हणजे खेळांवरच्या चित्रकथांच्या, जवळचं आहे. ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलची चित्रकथा वाचलेल्यांना ते लगेच ओळखू येईल.

१३. हे ‘लगान’सारखंच नाही का?

साम्य खरं आहे आणि योगायोग विलक्षण आहे. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ जून २००१ मध्ये आला, ‘शाओलिन सॉकर’ जुलैत. दोघांनी एकमेकांची नक्कल करायला वेळच नव्हता. तरी दोन्हींत हिणवलेली माणसं एकेक करून जमतात आणि प्रत्येकाची रोजची कामगिरी खेळात उपयोगी पडते. कोंबड्यांमागे धावणारा भुरा क्षेत्ररक्षक होतो, गोफण फिरवणारा गोली गोलंदाज होतो, कचराच्या अधू हातातून फिरकी निघते. लोखंडी डोकं हेडरला लावणं हा त्याच जातीचा विचार आहे. फरक असा की ‘लगान’मध्ये चेंडू निसर्गाचे नियम पाळतो.

१४. आपल्याकडे कुस्ती आहे, फुटबॉल आहे. असा सिनेमा का नाही?

हा प्रश्न बहुतेक वेळा कोल्हापूरहून येतो, आणि तो तिथूनच यायला हवा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. तालीम! जिथे लाल मातीत शड्डू ठोकायचा, त्याच नावाने पोरं शाहू स्टेडियमवर गोल मारतात आणि पेठा स्टँडमध्ये गर्जतात. कुंग फूच्या आखाड्यातून फुटबॉल संघ उभा राहतो ही हाँगकाँगची कल्पना होती. कोल्हापुरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तुस्थिती आहे. पेठेतला एखादा गोलकीपर धोबीपछाडीच्या झेपेने चेंडू अडवतोय, हे चित्र मला डोळ्यांसमोर लख्ख दिसतं. कुणीतरी लिहायला घ्या.

१५. हे या प्रकारात धरायचे का: ‘गॉड ऑफ कुकरी’, ‘कुंग फू हसल’, ‘चांदनी चौक टू चायना’?

‘गॉड ऑफ कुकरी’ (१९९६) चाऊचाच. कुंग फू आणि स्वयंपाक. सांघिक खेळ नाही, पण ‘एखाद्या भलत्याच कामात कुंग फू’ ही युक्ती त्याने तिथे घासूनपुसून घेतली, म्हणून त्याला सख्खा नातेवाईक म्हणेन. ‘कुंग फू हसल’ निखळ मारामारीचा विनोदीपट, खेळ नाही. ‘चांदनी चौक टू चायना’त (२००९) अक्षय कुमारसमोर गॉर्डन लिउसारखा खरा कुंग फू नट आहे, पण संघ नाही, चेंडू नाही. तेव्हा नाही.

मुलांबरोबर बघण्याबद्दलही इथेच सांगते. ‘शाओलिन सॉकर’मध्ये रक्त आहे, काही विनोद ओंगळ आहेत, आणि मुईच्या रूपावरून होणारी चेष्टा मला आज बोचते. दहा वर्षांपुढच्या मुलांबरोबर बसून बघा आणि त्या चेष्टेबद्दल त्यांच्याशी बोला.

१६. माणसं उडतात, चेंडू मैदान फाडतो. मग ऑफसाइड, फाउल, वेळ यांना काय अर्थ उरतो? जिंकण्यात तरी काय मजा?

(पुन्हा शेवट.) माझ्या लेखी या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

शरीराचे नियम कितीही मोडा, खेळाचे मोडू नका. ‘शाओलिन सॉकर’मध्ये चेंडूला आग लागते, पण गोल म्हणजे गोलच राहतो, आणि जखमी झालेला गोलकीपर काही जादूने उठून उभा राहत नाही. दुष्ट संघाचे खेळाडू अमेरिकन औषधं टोचून घेतात, ही फसवणूक आहे आणि सिनेमा तिला फसवणूकच म्हणतो. एकेक भाऊ जायबंदी होऊन बाहेर जातो आणि माणसं कमी पडल्यामुळे सामना सोडून द्यायची वेळ येते. फुटबॉलच्या खऱ्या नियमांतही सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालू शकत नाही. मुई डोकं भादरून मैदानात उतरते ती या नियमामुळे. तो नियम नसता तर तिच्या येण्याला काहीच वजन उरलं नसतं.

‘कुंग फू डंक’ इथेच घसरतो. काळ मागे नेता येत असेल तर कुठलीच बास्केट शेवटची नाही, आणि शेवटची बास्केट नाही तर सामना नाही. उडून बास्केट करणाऱ्या पोराला मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. घड्याळाचे काटे उलटे फिरवणाऱ्यासाठी मात्र हात उचलले गेले नाहीत.